टर्बो पिकअपचं इंजिन किती टिकणार? वॉरंटी ३ वर्षांची, हप्ता मात्र ५ वर्षांचा

मैंदर्गी (ता. अक्कलकोट) : कांद्याचा हंगाम सुरू झाला की मैंदर्गी, दुधनी, अक्कलकोट या पट्ट्यातून सोलापूर मार्केटकडे जाणाऱ्या पिकअपची रांग लागते. तूर निघाली की तीच गाडी दुधनीच्या बाजार समितीत उभी असते. मधल्या दिवसांत खताची पोती, पेंड, सिमेंट, शेळ्या, भाजीपाला असं जे मिळेल ते भाडं. गावात एक पिकअप म्हणजे एका घराचा रोजगार. बहुतेक गाड्या कर्जावरच्या आहेत, आणि त्या कर्जाचं गणित गाडीचं इंजिन किती वर्षं काम देतं यावर अवलंबून आहे.

आज शोरूममधून निघणारी जवळपास प्रत्येक डिझेल पिकअप टर्बोची आहे. ‘टर्बो लवकर जातो’, ‘जुनं इंजिन होतं तसं आता राहिलं नाही’ हे वाक्य कुठल्याही गॅरेजवर ऐकायला मिळतं. त्यात खरं किती आणि सवयीचा दोष किती, हे गाडी घेण्याआधी समजून घेतलेलं बरं.

आधी गणित बघा

मैंदर्गीहून सोलापूर मार्केट जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर धरा. महिन्याला २५ फेऱ्या झाल्या तर २,७५० किलोमीटर. वर्षाला ३३ हजार. तीन वर्षांत ९९ हजार, म्हणजे जवळपास १ लाख.

महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपला कंपनीची वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी जाहीर झालेली आहे. म्हणजे रोज मार्केट करणाऱ्या गाडीची वर्षं आणि किलोमीटर दोन्ही एकाच वेळी संपतात. हैदराबाद, बंगळुरूची भाडी मारणाऱ्याची वॉरंटी तर त्याच्याही आधी संपते.

कर्ज मात्र चार-पाच वर्षांचं असतं. ६० हप्ते असतील तर शेवटचे २४ हप्ते वॉरंटीच्या बाहेर भरायचे. त्या दोन वर्षांत इंजिन उघडायची वेळ आली तर गाडी उभी, भाडं बंद, गॅरेजचं बिल वेगळं आणि फायनान्सवाल्याचा फोन वेगळा. एअर फिल्टरचा खर्च शेकड्यात असतो, टर्बोचा हजारांत जातो, आणि पूर्ण इंजिनचं काम लाखाकडे सरकतं. म्हणून ‘किती वर्षं चालणार’ हा प्रश्न हप्ता फिटेपर्यंतचा आहे, आणि हप्ता फिटल्यावर गाडी विकताना काय हातात येईल याचाही.

टर्बो नेमकं करतो काय

डिझेल जाळायला हवा लागते. साधं इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढंच डिझेल नीट जाळू शकतं. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळतं आणि तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त निघते. ही कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं होतं. आधी जहाजं, मग रेल्वे, मोठे ट्रक असं करत ती आता गावच्या पिकअपमध्ये आली.

लहान टर्बोचा दांडा भर लोडला मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. एका बाजूला शेकडो अंश तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. एवढ्या वेगाने फिरणारा दांडा धातूवर टेकत नाही, ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. तोच इंजिन ऑईलचा थर त्याला थंडही ठेवतो. ऑईल काही सेकंद उशिरा पोहोचलं, जळून घट्ट झालं किंवा त्यात माती गेली, की दांडा घासायला लागतो. टर्बो खराब होण्याची बहुतेक कारणं शेवटी ऑईल आणि धूळ या दोनच ठिकाणी येऊन थांबतात.

कमी सीसी, जास्त ताकद

पिकअपच्या इंजिनात काय बदललं हे आकड्यांतून दिसतं. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला, म्हणजे ‘छोटा हत्ती’ला, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं बिनटर्बो इंजिन होतं. ताकद १६ हॉर्सपॉवर. एक लिटरच्या हिशेबाने बघितलं तर २३ च्या आसपास.

बीएस-६ बोलेरो पिकअपचं इंजिन २,५२३ सीसी आणि ७५ हॉर्सपॉवरचं. लिटरमागे ३०. टाटा योद्धाचं २.२ लिटर इंजिन १०० हॉर्सपॉवरचं, लिटरमागे साधारण ४५. टाटा इंट्रा व्ही-३० ला १,४९६ सीसीमधून ७० हॉर्सपॉवर मिळते, लिटरमागे जवळपास ४७.

याचा अर्थ एक गाडी चांगली आणि दुसरी वाईट असा नाही. कंपनी जास्त ताकदीचं इंजिन बनवते तेव्हा पिस्टन, बेअरिंग, थंडाव्याची व्यवस्था त्या हिशेबानेच करते. पण लहान इंजिनातून जास्त ताकद काढली की आत उष्णता आणि दाब जास्त राहतो. मग ऑईल, कुलंट, फिल्टर यात चूक झाली तर सावरायला वाव कमी उरतो. जुनं साधं इंजिन हलगर्जीपणा बराच काळ सहन करायचं. आधी धूर वाढायचा, मग ऑईल खायचं, आणि वर्ष-दोन वर्षं तसंच ओढत राहायचं. टर्बो इंजिनात बिघाड झाला की तो लवकर पुढे सरकतो. ‘अचानक गेलं’ असं वाटतं ते त्यामुळे.

गावाकडच्या तक्रारीत खरं आहे ते एवढंच. टर्बो म्हणजे कमी आयुष्याचं इंजिन, हे खरं नाही. लाखो किलोमीटर पळणारे मालट्रक आणि एसटीच्या नव्या गाड्या टर्बोवरच चालतात. फरक पडतो तो जुन्या इंजिनाच्या सवयी नव्या इंजिनाला लावल्यामुळे.

इथली धूळ, इथलं ऊन

मैंदर्गी परिसरात घाट नाही, म्हणून इंजिनाला आराम आहे असं अनेकांना वाटतं. पण इथली अडचण वेगळी आहे. शेतातून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट मातीची. उन्हाळ्यात काळ्या मातीची पिठासारखी धूळ उडते. ऊस हंगामात कारखान्याकडच्या रस्त्यांची हीच अवस्था होते. पुढे गाडी असेल तर मागच्या पिकअपचं इंजिन तीच धूळ ओढतं.

टर्बो इंजिन साध्या इंजिनापेक्षा जास्त हवा खेचतं, म्हणजे फिल्टरवर जास्त धूळ येते. फिल्टर चोंदला तर टर्बोला हवा ओढायला जोर लावावा लागतो आणि गाडी काळा धूर मारते. फिल्टर फाटला किंवा नीट बसला नाही तर धूळ थेट पंख्यावर जाते. त्या वेगात मातीचा कण पंख्याची धार कानशीसारखी घासतो. तीच माती पुढे सिलिंडरमध्ये जाऊन रिंग आणि बोअर खाते. मग टर्बो बदलूनही गाडी ओढत नाही, कारण नुकसान आत पोहोचलेलं असतं.

कॉम्प्रेसरच्या नळीने जोरात हवा मारून तोच फिल्टर पुन्हा पुन्हा वापरण्याची पद्धत सगळीकडे आहे. जास्त दाबाच्या हवेने कागदाला बारीक छिद्रं पडतात, ती डोळ्याला दिसत नाहीत. फिल्टर साफ केला म्हणून मालक निश्चिंत, आणि धूळ आत चालू.

दुसरं ऊन. एप्रिल-मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा ४० च्या वर जातो. इंटरकूलरच्या जाळीत माती, भुसा, किडे अडकलेले असतील तर टर्बोने दाबून गरम केलेली हवा थंड होत नाही. ताकद कमी पडते, चालक जास्त रेस देतो, डिझेल जास्त जातं आणि इंजिन आणखी तापतं. रेडिएटरमध्ये कुलंटऐवजी बोअरचं पाणी टाकलं तर क्षार साठतात. इथल्या बोअरचं पाणी जड आहे हे घरातल्या भांड्यावरूनच कळतं.

पोती मोजा

१.७ टनाच्या गाडीत ५० किलोची ३४ पोती बसतात. ६० पोती टाकली की ३ टन होतात. हंगामात असा लोड दिसणं नवीन नाही. शेतकऱ्याला एका फेरीत माल पोहोचवायचा असतो, गाडीवाल्याला दुसऱ्याने भाडं नेऊ नये असं वाटतं.

टर्बोमुळे गाडी तो लोड ओढतेसुद्धा, आणि घोळ इथेच होतो. साध्या इंजिनाची गाडी जास्त लोडला रडायची, गिअर उतरवावाच लागायचा. टर्बो गाडी कमी फेऱ्यांवरही जोर देते. बीएस-६ बोलेरो पिकअपचा २०० न्यूटन-मीटरचा जोर १,४०० ते २,२०० आरपीएम या पट्ट्यात मिळतो. त्याच्या खाली, वरच्या गिअरमध्ये, भरलेली गाडी ढकलत नेली की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, बेअरिंगवर ताण येतो आणि धूर काळा होतो. गिअर उतरवला तर डिझेल जास्त जाईल ही समजूत अशा वेळी महाग पडते.

कायद्याचाही हिशेब आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. शिवाय ओव्हरलोडमुळे बिघाड झाला असं कंपनीने दाखवलं तर वॉरंटीचा दावा अडतो. एका फेरीत वाचलेलं भाडं आणि ही जोखीम समोरासमोर ठेवून बघायला हवी.

ढाब्यावरची सवय

भरलेली गाडी ६०-७० ने चालवत आणली, ढाब्यावर लावली आणि लगेच चावी बंद केली. इंजिन थांबलं की ऑईल पंप थांबतो. टर्बो मात्र तापलेलाच असतो आणि दांडा काही क्षण फिरत राहतो. आतलं ऑईल जळून काजळीसारखं चिकटतं. एका दिवसात काही होत नाही. वर्षभर रोज दोन वेळा असं झालं की ऑईलची बारीक नळी आतून अरुंद होते आणि टर्बोला ऑईल कमी पडायला लागतं.

उपाय फुकटचा आहे. लांबून किंवा लोडवर आल्यावर एक-दोन मिनिटं गाडी न्यूट्रलला चालू ठेवून मग बंद करायची. सकाळी सेल्फ मारल्यावर लगेच रेस द्यायची नाही, अर्धा-एक मिनिट ऑईल वर चढू द्यायचं.

ऑईल कोणतं हाही प्रश्न आहे. गावात सुट्ट्या डब्यातलं, ओळखीच्या दुकानातलं, ‘सगळ्या गाडीला चालतं’ असं ऑईल भरलं जातं. बीएस-६ गाडीला पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑईल लागतं, कारण चुकीच्या ऑईलची राख धुराच्या फिल्टरमध्ये साठते. आता काही नव्या पिकअपला सर्व्हिसचं अंतर २० हजार किलोमीटर सांगितलं जातं. पण धूळ, सततचा लोड, थांबत-थांबत चालणं असेल तर अंतर कमी करा, असं कंपन्यांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. मैंदर्गीची गाडी त्याच वर्गात मोडते. २० हजारांची वाट न बघता आधीच ऑईल आणि फिल्टर बदलणाऱ्याचा जो थोडा खर्च वाढतो, तो टर्बोच्या बिलापुढे काहीच नाही.

बीएस-६ ची नवी डोकेदुखी

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा, आणखी कडक टप्पा आला. डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं. गाड्यांत धूर साफ करणारी यंत्रणा वाढली. कुठे डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, कुठे युरियाचं द्रावण लागणारी यंत्रणा, आणि जागोजागी सेन्सर.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ एका वेगाने पळावी लागते. गावातल्या गावात, शेत ते घर अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती जळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढ कमी करते. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर धुराचा रस्ता कोंडतो आणि टर्बोवर उलटा दाब येतो.

त्यावर ‘डीपीएफ काढून टाका, सॉफ्टवेअर मारून देतो’ असा सल्ला मिळतो. तो बेकायदा आहे, वॉरंटी घालवतो आणि फिटनेसच्या वेळी अंगाशी येतो. व्यावसायिक गाडीला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. ‘चिप’ मारून ताकद वाढवण्याचंही तसंच. वाढलेली ताकद त्याच पिस्टनवर आणि त्याच टर्बोवर येते.

‘बायोडिझेल’ म्हणून रस्त्यालगत विकलं जाणारं स्वस्त इंधन आणि कॅनमध्ये साठवलेलं डिझेल यापासूनही सांभाळावं. कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारच्या वर दाबाने फवारलं जातं. थोडं पाणी किंवा गाळ गेला तरी नोझल बिघडतं. बिघडलेलं नोझल डिझेलची धार मारतं, पिस्टन वरून जळतो, आणि नाव टर्बोचं होतं.

टर्बो बदलला, पुन्हा गेला

नवा टर्बो टाकूनही काही महिन्यांत तो पुन्हा जातो, अशी तक्रार असते. बहुतेक वेळा पहिला टर्बो का गेला हेच शोधलेलं नसतं. ऑईलची नळी चोंदलेली तशीच, इंटरकूलरमध्ये जुन्या पंख्याचे तुकडे तसेच, हवेची नळी फाटलेली तशीच. टर्बो बदलताना ऑईल, ऑईल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलायला हवेत, ऑईलची नळी बदलायला किंवा आतून साफ करायला हवी, आणि इंटरकूलर काढून धुवायला हवा. हे बिलात दिसत नसेल तर मालकाने विचारावं.

लक्षणं ओळखता आली पाहिजेत. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळा धूर आणि ओढ कमी म्हणजे हवा कमी पडतेय; बऱ्याचदा फक्त नळीचा क्लॅम्प सैल असतो. शिट्टीचा आवाज बदलून सायरनसारखा झाला तर गाडी पुढे रेटू नये.

टर्बोचं सील पूर्ण गेलं तर कधी कधी ऑईल थेट इंजिनात जातं आणि इंजिन त्या ऑईलवरच पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही. गाडी चालती असेल तर ब्रेक दाबून धरत वरच्या गिअरमध्ये ती बंद पाडायची. उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा. बॉनेट उघडून वाकू नये आणि हवेच्या नळीत हात घालू नये.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी

सीमेचा भाग असल्याने इथे एमएच-१३ बरोबर केए-३२ आणि केए-२८ पासिंगच्या गाड्याही विकायला येतात. कर्नाटकची गाडी घ्यायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इकडची नोंदणी आणि टॅक्स हा खर्च किमतीत धरावा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा आणि कर्जाचा बोजा बघता येतो. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इंजिन बघायचं तर सकाळी, थंड असताना. मालकाने आधीच गाडी तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जावं. सेल्फ मारताना निळा धूर किती येतो, ऑईलचं झाकण काढल्यावर वाफेसारखा धूर जोरात येतो का, कुलंटमध्ये तेलाचा तवंग आहे का हे बघावं. मेकॅनिकला हवेची नळी काढून टर्बोचा पंखा हाताने हलवायला सांगावं. बाजूला किंचित हलणं चालतं. आत-बाहेर हललं, पंख्याची पाती घासलेली दिसली तर टर्बोचा खर्च किमतीतून कापावा. मीटरवर विश्वास न ठेवता सर्व्हिसची बिलं मागावीत.

बिलं जपा, हक्क आहे

व्यावसायिक गाडी आहे म्हणून ग्राहक मंचात जाता येत नाही, असा अनेकांचा समज आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फक्त स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार हा ग्राहकच आहे. एकच पिकअप घेऊन तिच्यावर घर चालवणारा माणूस यात बसतो. जिल्हा ग्राहक आयोगात साधारण दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पण तिथे उभं राहायला सर्व्हिसची बिलं, ऑईलची पावती, जॉबकार्ड हातात पाहिजे. बाहेर रोखीने केलेल्या कामाचा कागद नसतो आणि सगळा दोष मालकावर येतो.

दुसरी बाजू कारागिरांची आहे. गावातले मेकॅनिक जुन्या इंजिनात तरबेज आहेत, पण सेन्सर वाचणारं स्कॅनर सगळ्यांकडे नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यातून निघणाऱ्या मुलांना टर्बो, कॉमन रेल आणि बीएस-६ चं काम हाताने करायला मिळालं, तर सोलापूरला गाडी ओढून न्यायची वेळ कमी येईल. कंपन्यांनीही तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हिसची सोय वाढवायला हवी. गाड्या विकायला त्या गावापर्यंत येतातच.

तोपर्यंत हंगामाआधी चार कामं करून घ्यावीत : नवा एअर फिल्टर, पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑईल, इंटरकूलरची धुलाई आणि हवेच्या नळ्यांचे क्लॅम्प तपासणं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. कांदा मार्केटच्या ऐन गर्दीत गाडी बंद पडली तर बुडणारं भाडं यापेक्षा कितीतरी जास्त असतं.